न झालेला प्लेग
माझा भाऊ वाल्मिक चौऱ्याण्णव साली सुरतच्या प्लेगने गेला. हे घडलेलंच नाही असं धरून चाला, कारण वर्षभराने काही शास्त्रज्ञांनीही तसंच धरलं: जंतूंचा पुरावा कच्चा आहे, तो प्लेग नसावाच. सुरतेतच, गोडादरा भागातल्या आमच्या खोलीत मी ही बातमी मोठ्याने वाचली. भाकरी थापणाऱ्या चंचलवहिनीचा हात थांबला. “भाऊजी, मग हे कशाने गेले?” “ते अजून ठरायचंय, वहिनी. संशोधन चालू आहे.” “दवाखान्यात आपल्याला तोंडही दाखवलं नव्हतं. म्हणजे नक्की गेलेत असं नाही ना?” तिने पिठाचे हात धुतले, करंडा शोधला आणि कपाळाला कुंकू लावलं. तरी सर्व संबंधित शास्त्रज्ञांना नम्र विनंती, की प्लेग रद्द झाल्यामुळे आमचा माणूस तातडीने परत पाठवावा. जंतू हवे तर तुमच्याकडेच ठेवावेत.