हात वर

“तोंड उघडायचं न्हाय, सोजरे. सव्वा महिना कुणी काय बी विचारू दे, एक अक्षर बोलायचं न्हाय. आन् आपल्या व्रतापायी दुसऱ्याच्या ताटातला घास जाता कामा नये. दे वचन.”

चहाचं आधण ठेवताना सोजरबाईला आईचं हे बोलणं रोज आठवे. वचन घेतलं आणि वर्षाच्या आत आई गेली. व्रत राहूनच गेलं होतं, ते यंदा कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी धरलं. लग्नाला नऊ वर्षं झालेली; व्रत कशासाठी, हे पेठेत कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता सहा दिवस उरले होते, आणि तिचा महिना टळला होता. हे मात्र तिनं हरिबालाही कळू दिलं नव्हतं.

हरिबा, तिचा नवरा, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. गिरणीच्या हुतुतू संघाचं सगळं तोच पाही, त्यामुळे भोंगा झाला की माणसं त्याच्या ओट्यावर जमत.

त्या संध्याकाळी बोलणं एकाच गड्यावर अडलं होतं. मंद्रूपचा तिप्पण्णा. चार महिन्यांपूर्वी मागावर लागलेला. अंगानं काटक, पण दम असा की चढाईला गेला की दोघांना मारल्याशिवाय माघारी येत नसे. शनिवारी बार्शीकरांशी शेवटचा सामना होता, आणि उद्या सकाळी तिप्पण्णाच्या खटल्याचा निकाल. कुण्या लेकुरवाळीनं देवीला वाहिलेला चांदीचा पाळणा देवळातून गेला होता. कोजागरीच्या दुसऱ्या पहाटे पुजारी आला तेव्हा देवळाच्या दारात तिप्पण्णा उभा होता.

सिद्धाप्पा जुना खेळाडू, गुडघा गेल्यापासून नुसता बोलणारा. त्याचं म्हणणं, देवीच्या घरात हात घालणाऱ्याचा पाय मैदानाला लागू नये. पाळणा काय सूत आहे, वाऱ्यानं उडून जायला?

लालसाब टांगेवाल्याला हे पटत नव्हतं. त्यानं मागच्या सामन्याची आठवण काढली. तिप्पण्णाला समोरच्याचं बोट निसटतं लागलं होतं. पंचाला दिसलं नाही. ज्याचं बोट लागलं त्यालाही कळलं नाही. यानं आपण होऊन हात वर केला आणि बाद म्हणून रेघेबाहेर जाऊन बसला.

“असा माणूस चोरी करंल व्हय?” लालसाब म्हणाला.

“त्या हातापायी एका गुणानं हरलो आपण. चोर नसंल तर येडा तरी हाय की,” सिद्धाप्पा म्हणाला.

सगळे हसले. हरिबाही हसला. मग लालसाबनं हळू आवाजात सांगितलं, की काल त्यानं तिप्पण्णाच्या आईला टांग्यातून आणलं. सहा महिन्यांची सजा झाली तर मागावरची जागा जाणार. घरात दोन बहिणी, आणि मिळवता हा एकटा. म्हातारीनं सबंध वाटेत एकच विचारलं, तुरुंगात भाकरी ज्वारीची देतात का.

सोजरबाई चहाचं ताट घेऊन आली, तसा सिद्धाप्पानं विषय वळवला.

“वैनी, तुमी तर रोज पहाटं फुलं घिऊन देवळात जाताय. तुमीच सांगा आमच्यातलं कोण खरं.” मग स्वतःच कपाळाला हात लावला. “अरं, ह्यांचं तोंड बंद हाय की.”

हरिबा म्हणाला, महिनाभर घरात लई शांतता आहे, ती मोडू नका. सोजरबाईनं ताट ठेवलं आणि ती आत गेली.

दिवेलागणीला, जामिनावर सुटलेला तिप्पण्णा आला. ओट्यावर न बसता पायरीशीच उभा राहिला. हरिबानं सगळ्यांदेखत विचारलं.

“तिप्पा, पाळणा तू नेलास?”

“न्हाय.”

“कुणी नेला, ठावं हाय?”

तिप्पण्णा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. “व्हय.”

“मग उद्या कोर्टात नाव सांग की.”

“शब्द दिलाय.”

“कुणी मागितला?”

“मागितला न्हाय कुणी. मीच दिलाय.”

एवढं म्हणून त्यानं चहा प्यायला, कप स्वतः विसळून उंबऱ्याशी पालथा घातला आणि दाराकडे न बघताच म्हणाला, “येतो, वैनी.”

तो गेल्यावर सिद्धाप्पा म्हणाला, यात एखादी बाई असणार. लालसाबनं त्याला गप्प बसवलं.

सकाळी नऊला कोर्टात जायला टांगा दाराशी लागला. हरिबा पटका बांधत होता, सिद्धाप्पा गुडघा धरून पायरी उतरत होता. तेवढ्यात सोजरबाई बाहेर आली. हातात रोजची परडी, वर ओला फडका. डोक्यावरचा पदर नीट घेतलेला.

या वेळेला देवळात कशाला, हरिबानं विचारलं. तिनं परडी ओट्यावर ठेवली आणि फडका बाजूला केला. शेवंतीच्या फुलांत चांदीचा पाळणा होता.

महिनाभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

“आमच्या माहेराला देवीचा पाळणा असाच न्यायचा आसतो. कुणाला न सांगता. मूल झालं की दोन वाहायचे.”

हरिबाच्या हातातला पटका सुटून पायाशी पडला. सोजरबाईनं परडी उचलून कडेवर घेतली, उजवा हात सरळ वर केला, आणि टांग्याकडे चालू लागली.