धाकट्या राजपुत्राचे आयुष्य

ताऱ्यांवरील महायुद्धाच्या सातखंडी कादंबरीवर मालिका निघाली. कादंबरीच्या तिसऱ्या खंडात मरण पावणारा धाकटा राजपुत्र मालिकेत मात्र जिवंत राहिला, कारण प्रेक्षकांचा त्याच्यावर जीव जडला होता. लेखकाने तो आपल्या दिवंगत मुलावरून बेतला होता. लेखकाच्या पत्नीने ती कादंबरी कधीच उघडली नव्हती. मालिकेचा मात्र एकही भाग ती चुकवीत नसे, आणि राजपुत्र हसला की तीही प्रसन्नपणे हसत असे.

एके सायंकाळी निर्मात्याचा फोन आला.

"साहेब, आपला राजपुत्र सिनेमात गेला, तारखाच देत नाही. आता त्याला मारावंच लागेल. प्रसंग तुम्हीच लिहा. पुस्तकात काय सुरेख मारलाय हो तुम्ही!"

"अहो, दुसरा नट घ्या की! नाहीतर राजाला मारा," लेखक काकुळतीला येऊन म्हणाला.

"राजाचा वर्षाचा करार झालाय, साहेब."

लेखकाने विषण्ण मनाने फोन खाली ठेवला. तेवढ्यात पत्नी ओले हात पुसत बाहेर आली आणि टीव्हीसमोर बसली.


"अहो, काल तो बोलता बोलता खोकत होता. या वेळी तरी त्याला लवकर डॉक्टरकडे नेतील ना?"