हिरवा ठिपका

"चोर आहेस तू! बुटाने चेंडू सरकवतोस?"

गोल्फच्या मैदानावर पिंगळे इतक्या जोरात ओरडले की पलीकडचे खेळाडूही वळून बघायला लागले. त्यांचे जुने मित्र बर्वे झुडपापाशी तसेच उभे राहिले. चेंडू झुडपातून मोकळ्या गवतावर आला होता.

"अरे, जरा ऐकून तर घे."

"काय ऐकायचं? म्हातारपणी लबाडी सुचतेय तुला! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

बर्वे पिशवी उचलून चालायला लागले.

पिंगळ्यांनी रागारागाने चेंडू उचलला. ओळखू यावा म्हणून खेळण्याआधी प्रत्येक जण आपल्या चेंडूवर खूण करतो. बर्व्यांची निळी रेघ असायची. यावर हिरवा ठिपका होता, पिंगळ्यांच्याच थरथरत्या हाताने काढलेला, फराटा झालेला.

हात थरथरायला लागल्यापासूनच आपण बर्व्याला हरवायला लागलो, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"बर्व्या!" त्यांनी हाक मारली. बर्वे वळले नाहीत.

त्यांनी चेंडू पुन्हा झुडपात ठेवला आणि सगळी ताकद लावून मारला.

पानं हलली. चेंडू तिथेच होता.