पिवळं लुगडं

नाथा पाटलाने पांढरं लुगडं पुढे केलं, तेव्हा सखुबाई त्याच्या अंगणात नवंकोरं पिवळं लुगडं नेसून उभी होती. अंबाड्यात झेंडूचं फूलही होतं.

"ह्या नेस, बाय," पाटील म्हणाला. "आनि लग्नान मागीलदारी बस. माजे पोराचं, कान्हाचं लगीन या खेपेला भट लावनार."

सखुबाई कोपरीच्या आगरी पाड्याची धवलारीण. पाड्यात लग्न लागायचं ते तिच्या धवळ्यांनी, लग्नाच्या गाण्यांनी. ती देवांना नावं घेऊन गाण्यातून मांडवात बोलवायची आणि देव आले असं ती म्हणाली की मग पुढचं सगळं. भटाची गरज कुणाला पडली नव्हती. तिचा नवरा खाडीत बुडाला त्याला कितीतरी पावसाळे लोटले, पण धवलारणीचं कपाळ कोणी बघत नसे. घरात लग्न असेल त्याने दसऱ्याला तिच्या हातावर विडा ठेवायचा आणि तिने उंबऱ्यासमोर धवळ्याची पहिली ओळ म्हणायची, ही पाड्याची रीत. म्हणून तर आज दसऱ्याचं ती आली होती.

यंदा पाऊस सरला, भातं पिवळी पडली आणि सखुबाईला स्वतःचाच कंटाळा आला. चार महिने धुरात बसून ती ओल्या सरपणासारखी झाली होती. नुसती धुमसायची, पेटायची नाही. तेच विटकं लुगडं, त्याच जुन्या ओळी. नवरदेव आपला घोड्यावरून येतोय तो येतोच आहे! पाड्यात कुणाच्या बापाने घोडा पाळला होता? एके सकाळी ती उठली, डोक्याला तेल चोपडलं, ठाण्याच्या बाजारात गेली आणि पिकल्या भाताच्या रंगाचं लुगडं घेऊन आली. परतताना खाडीच्या पुलावरून आगीनगाडी धडधडत गेली आणि त्या ठेक्यावर नवा धवळा आपसूक तिच्या तोंडात आला. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

"नवी वल आइक त खरी," ती म्हणाली आणि गायला लागली:

"खारीचे पुलावर धूर सोरलाय काला,
आगीनगारीत बसून नवरा दारी आला..."

ओट्यावर पाटलाचा होणारा व्याही विश्राम बसला होता. त्याची मान डोलायला लागली. तेवढ्यात पाटलाने हात वर केला.

"पुरे! आता चार मोठे मान्सांत माजी उठबस हाय. कपालाला कुकू नाय ती बाई मांडवान उभी, आनि ती पन अशी पिवलीधमक! अशुभ दिसतं. लोक हसतान मना."

सखुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या अंगाला हळद लागली ती तिच्या गाण्यावर. आता मिठाचा ठेका मिळाला, ठाण्याच्या कचेरीत कोणी बसायला खुर्ची दिली आणि याला शुभ-अशुभ कळायला लागलं! उथळ पाण्याला खळखळाट फार, तो हा असा.

"नाथा, तुजं लगीन कोनी लावलं रं?"

"तू."

"तवा माजे कपालाला कुकू व्हता?"

पाटलाने पांढरं लुगडं या हातातून त्या हातात घेतलं.

"नव्हता. मी अशुभ, त माजे गान्यानं तुजे लग्नाला आयलेलं देव पन अशुभ. धाडू परत त्यांना?"

विश्राम चुळबुळला. पाटलाने तिथेच थांबायला हवं होतं. धवलारणीला या बाबतीत हो म्हणू नये, हे पाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण व्याह्यासमोर माघार घ्यायची म्हणजे पाटलाची मिशी खाली येणार.

"धाड खुशाल!" तो म्हणाला. "कोन अरवतंय?"

सखुबाईने उंबऱ्याकडे तोंड करून हात जोडले. या वेळी ती गायली नाही, नुसतं बोलली. "खारीतल्या देवा, ऊठ. डोंगरावरचे आई, ऊठ. नाथाचे मांडवातशी समदे उठा. तुमाला केलेलं आवतन मी परत घेतंय."

पाटलाची बायको चंद्रभागा आपट्याच्या पानांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडून अंगणात आली.

"चंद्रे, कुटं चालली? आत जा, भात करपंल."

"चंद्रे कोनाला बोलतंस?" चंद्रभागा म्हणाली. "माजा दादला हायस का तू? लगीन नाय लागलेलं, मी परपुरुषाचे चुलीशी कशाला जाऊ?"

विश्रामने हसू उपरण्यात दाबलं. आतून करपल्याचा वास यायला लागला होता. पाटील एकदा घराकडे बघायचा, एकदा बायकोकडे. पांढरं लुगडं अजून त्याच्या हातातच होतं.

चंद्रभागा सखुबाईजवळ गेली. तिने पिवळ्या लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला.

"बाय, रंग बेस हाय," ती म्हणाली. "माजे लग्नाला ह्याच नेसून ये."