अण्णांचं आतडं

"ह्ये लालसर काय घालतोयस रं त्यात?"

नागेंद्रनं फ्रीजमधून काढलेली बाटली उजेडात धरली आणि सहज सांगून टाकलं, "वासराचं हाय, काका. रक्त न्हाय, रक्तातलं पाणी. ह्याच्याबिगर तुमचं आतडं जगत न्हाय."

भुजबली अण्णा टेबलावरच्या काचेच्या बशीवर वाकलेले होते, ते तसेच राहिले.

गेल्या वर्षी बेळगावात दुर्बिणीनं पोट तपासताना त्यांच्या आतड्याचे दोन कण काढून घेतले होते. लेकीनंच मागितले होते. त्रिशला ह्याच प्रयोगशाळेत कामाला, नागेंद्र तिचा मदतनीस. त्या कणांपासून तिनं ह्या बशीत आतड्याचे खसखशीएवढे गोळे वाढवले होते. त्यांत हगवणीचे जंतू सोडायचे आणि ते आतडं कसं पोखरतात ते बघायचं, हे तिचं काम. "उंदीर मारायला नकोत, अण्णा," ती म्हणाली होती, आणि अण्णांनी डोळे झाकून सही ठोकली होती. मग निपाणीतल्या जैन मंदिरात हे ज्याला ऐकवलं नाही असा एक माणूस त्यांनी शिल्लक ठेवला नाही. आज चतुर्दशीचा उपवास धरून, एसटीत उभं राहून ते आपलं आतडं बघायला आले होते.

"आणि ही खालची जेली?"

आता नागेंद्रच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं चटकन शेजारी उभ्या त्रिशलाकडं बघितलं.

"उंदराच्या अंगात गाठ वाढवत्यात," त्रिशला म्हणाली. "ती काढून करत्यात."

"काढून. म्हंजे मारून."

"व्हय."

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावन्न वर्षांत ह्या पोटात कांदा गेला नव्हता, बटाटा गेला नव्हता, दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"मी इचारलं हुतं तुला, काय खातंय ते. साखर-मीठ म्हणालीस! तोंड वर करून म्हणालीस!"

"साखर-मीठ असतंयच त्यात."

"बापाला बनवतीस?"

"मग काय करू?" त्रिशलाही पेटली. "खरं सांगितलं असतं तर केली असती सही? सात जणांचे कण आणले, अण्णा. सातातले तुमचे तेवढे जगले. ह्या जंतूवर जुनी औषधं चालंनात, पोरं मरायलीत. पुढच्या महिन्यात नवं औषध ह्याच्यावर लावून बघायचंय."

"वाचीव की पोरं! नको कोण म्हणतंय? पण मला सांगून वाचीव!"

"बरं." तिनं बशी उचलली आणि पायानं पिवळ्या कचराडब्याचं झाकण उघडलं. "फॉर्मात लिवलंय, दिलेलं कधीबी परत घेता येतंय. बोला. टाकू?"



"जित्तं हाय ते?"

"हाय."

"टाकलं तर?"

"मरंल."

झाकण उघडंच होतं. अण्णांनी एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा बशीकडं. राग तसाच होता, पण तो कुठं टाकावा हे त्यांना कळेना.

"आणि न्हाई टाकलं तर किती जगंल?"

"गोठवून ठेवलं की कितीबी वर्षं. परत काढायचं, परत वाढवायचं. तुमच्या माघारीबी."

अण्णांच्या आईनं सल्लेखना घेतली होती. आधी अन्न सोडलं, मग पाणी. एकोणिसाव्या दिवशी जोडलेल्या हातांनीच ती गेली. आपलंही असंच व्हावं, हे अण्णांनी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्रिशलाला तर दोनदा.

"म्हंजे मी तिकडं अन्नपाणी सोडून पडलेला असंन," ते म्हणाले, "आणि माझं आतडं हितं रगत पीत बसंल."

त्रिशलानं डब्यावरचा पाय काढला. झाकण आदळलं. तिनं बशी पुन्हा टेबलावर ठेवली.

"मॅडम," नागेंद्र दबकत म्हणाला, "वेळ झाली. आज घालायचं का न्हाय?"

खिडकीबाहेर दिवस बुडत आला होता. अण्णांनी कोपऱ्यातलं स्टूल खरडत ओढलं आणि बशीसमोर ठाण मांडून बसले.

"घाल," ते लेकीला म्हणाले. "पण हितनं पुढं माझ्या डोळ्यांदेखत घाल."