केबिनचा दिवा

"सर, तुम्ही घरी गेल्यावरही तुमच्या केबिनचा दिवा का चालू असतो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी अख्ख्या शाळेसमोर हे विचारलं. शाळेत भाषणाला आलेले पाहुणे म्हणजे आईचे साहेब. बचतीच्या सवयींवर बोलताना ते नुकतेच म्हणाले होते, खोलीतून उठताना दिवा बंद करा. त्यांच्या ऑफिसात मात्र केबिनमध्ये दिवा दिसला की साहेब आत आहेत असं समजून कुणी घरी जायला उठत नाही. साहेब मागच्या दाराने कधीच सटकलेले असतात. त्या दिव्यापायी आईने मला एकदाही वाढदिवसाचा केक कापताना पाहिलेलं नाही.

हॉल खदखदून हसला. साहेबांचे कान लाल झाले आणि माझ्या जिवाला कसं गार वाटलं.

"चुणचुणीत आहेस," ते ओठ ताणून हसले. "सुट्टीत ये आमच्याकडे, कामाची शिस्त शिकशील."

घरी बाबांनी डोक्याला हात लावला. "अगं बये, आईची नोकरी घालवशील तू." आई पदराआड हसू दाबत होती.

"सुट्टीत मी तिथे जाणार," मी दोघांना सांगून टाकलं. "संध्याकाळ झाली की केबिनमध्ये शिरून दिवा बंद करणार आणि आईला घेऊन घरी येणार. रोज."