दोन मात्रांची जागा

व्हर्जिल आजोबांच्या जुन्या टेपमध्ये त्यांचं फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, मध्येच दोन मात्रा थांबतं. आमचा ओडेलही ती धून वाजवताना तिथे डोळे मिटून थांबायचा. रुथॅन मात्र ती जागा स्वतःच्या सुरांनी भरून टाकायची.

“केंटकीच्या डोंगरांची परंपरा आहे ती! तुझ्या मनाचं काय घुसडतेस?” ओडेल खेकसायचा.

शेवटी आम्ही दोघांना आजोबांसमोरच उभं केलं आणि ते तिथे का थांबले, ते विचारलं.

“थांबलो होय? अरे, कुत्रं माझ्या मक्याच्या पावात तोंड घालत होतं. त्याला हाकललं.”

रुथॅन हसून हसून लोळली. ओडेल घरी गेला.

पुढच्या शनिवारी तो फिडल, पाव आणि एक कुत्रं घेऊन आला. पाव शेजारी मांडून त्याने कुत्र्याला दम भरला, “बरोबर त्याच जागी तोंड घालायचं. मनाचं काही करायचं नाही!”